गाढवाचा डावा कान

दंतवैद्यबाईंचं पत्र हातात पडलं तेव्हा मी ते उभ्यानेच वाचलं, घडी घालून पाकिटात ठेवलं, पाकीट शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं आणि उत्तर उद्या लिहायचं ठरवलं. पत्र एका गाढवाबद्दल होतं. त्यानंतर स्वेटर बाहेर निघाले, धुऊन पुन्हा आत गेले, पंखे सुरू झाले. मधल्या काळात शब्दकोशाचा दुसरा खंड मला बरेचदा लागला. प्रत्येक वेळी हवा असलेला शब्द न वापरता भागतंय का ते मी पाहिलं, आणि भागलं.

पत्र वाईट असतं तर सोपं होतं. वाईट पत्राला उत्तर दिलं नाही तर माणूस मानी ठरतो. हे चांगलं पत्र होतं.

गाढव मी केलं होतं, खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं. हे लिहिताना अजून थोडा संकोच होतो, पण आता लपवण्यात अर्थ नाही. आमच्या गल्लीत दूधवाल्यालाही माहीत झालं आहे. ते कसं झालं ते पुढे येईल.

शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात मी आयुष्यभर मुद्रितं तपासली. म्हणजे लेखकाने लिहायचं, जुळवणाऱ्याने जुळवायचं, आणि मी दोघांच्या चुका काढायच्या. माझ्या चुका काढायला कुणी नव्हतं; त्या सरळ छापल्या जात. निवृत्त झाल्यावर चुका काढायला घरात फक्त बायको उरली. ती पोस्टात काउंटरवर बसून निवृत्त झालेली. तिने नुसतं चष्म्यावरून पाहिलं की रांग सरळ होत असे. तिच्या चुका काढायचा विचार मी फार वेळ केला नाही.

घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा मुलीच्या लहानपणचा ठोकळ्यांचा डबा खाली आला. मुलगी आता लांब असते आणि पूल बांधते. डबा कुणाला देऊन टाकू का म्हणून तिला फोन केला.

"देऊ नकोस रे बाबा," ती म्हणाली. "तूच खेळ."

ती चेष्टा करत होती. मला चेष्टा उशिरा कळते. कळली तोवर माझा बगळा कमरेपर्यंत झाला होता.

बगळ्यानंतर मी खार केली, मग घोरपड, मग एक बोकड. प्रत्येकाचा फोटो मुलीला पाठवला. तिचं प्रत्येक वेळी एकच उत्तर येई: "मस्त!" एकदा मी चुकून मिक्सरच्या गॅरंटीकार्डाचा फोटो पाठवला. त्यावरही "मस्त!" आलं. बायकोचं मत वेगळ्या प्रकारचं असे. ती हात पुसत यायची, बघायची आणि विचारायची, "हे काय आहे?"

"बोकड."

"असेल."

यावरून माणसाने आपण कुठे आहोत ते कसं ओळखायचं? बोकड चांगला नाही असं मला वाटत होतं, पण मला माझ्या कशाहीबद्दल तसंच वाटतं, त्यामुळे माझ्या मताला किंमत नव्हती.

मग वाचनालयातल्या एका मासिकाच्या मागच्या पानावर छोटा चौकोन दिसला. ठोकळ्यांचे प्राणी करणाऱ्या प्रौढांचं टपाल मंडळ आहे, एक जागा रिकामी आहे, भेटीगाठी नाहीत. शेवटच्या दोन शब्दांसाठी मी नाव नोंदवलं.

मंडळात माझ्या आधी तिघे होते. दवाखाना बंद करून घरी बसलेल्या दंतवैद्यबाई, निवृत्त बस-कंडक्टर, आणि अजून दुकान चालवणारे एक घड्याळजी. चौघे चार गावांत, कुणीच कुणाला पाहिलेलं नाही. घड्याळजींनी एक लाकडी पेटी केली होती, आत स्पंजाचे चार कप्पे. ही पेटी टपालाने फिरायची: माझ्याकडून दंतवैद्यबाईंकडे, तिथून कंडक्टरकडे, तिथून घड्याळजींकडे, आणि परत माझ्याकडे. प्रत्येकाने एक जनावर आत ठेवायचं. पेटी ज्याच्याकडे असेल त्याने बाकीच्यांची जनावरं घरात चार दिवस समोर ठेवून राहायचं, आणि मग प्रत्येक मालकाला लिहायचं: काय जमलंय, काय नाही. नुसतं "छान" लिहायला बंदी होती. शिवाय दुसऱ्याच्या जनावराला आपल्या रंगाचा एक ठोकळा लावायची परवानगी होती. एकच. मालकाला तो पटला नाही तर त्याने काढावा, पण का काढला ते लिहून कळवावं. सगळ्यांना उत्तरं दिल्याशिवाय पेटी पुढे पाठवायची नाही.

बाईंचा रंग पांढरा, कंडक्टरचा लाल, घड्याळजींचा काळा. मी शेवटी आलो, त्यामुळे मला गुलाबी मिळाला.

माझं गाढव पहिल्यांदा फेरी करून परत आलं, तेव्हा मी पेटी उघडली आणि ते बाहेर काढलं. त्याच्या डाव्या कानाखाली एक पांढरा ठोकळा होता. दोन बटणांचा, ठोकळ्यांवरच्या गोल उंचवट्यांना आम्ही बटणं म्हणतो. कान बिजागरीच्या ठोकळ्याने बसवलेले होते, त्यामुळे खालून रेटा मिळाल्यावर डावा कान वर उचलला गेला होता आणि उजवा होता तसाच आडवा. मी ते पाहिलं, नखाने पांढरा ठोकळा काढला आणि कान सरळ केला. दोन सारख्या गोष्टींतली एक वाकडी दिसली की मी एवढी वर्षं जे करत आलो तेच केलं. त्यानंतर पेटीच्या तळाशी ठेवलेलं पाकीट उघडलं.

बाईंनी लिहिलं होतं: "तुमचं गाढव मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. बांधणी उत्तम आहे. गुडघे फार आवडले. ठोकळ्यांत गुडघे जमत नाहीत, तुम्हाला जमलेत. पण इतक्या दिवसांत त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याला माझ्याकडून काही नको आहे. कुणाकडूनच काही नको आहे. मला वाटतं ते कानांमुळे. दोन्ही कान अगदी एकसारखे आहेत, म्हणून ते गाढव कमी आणि गाढवाची आकृती जास्त वाटतं. डाव्या कानाखाली माझा ठोकळा लावला आहे. पटला नाही तर काढा, पण का काढला ते नक्की कळवा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे."

कंडक्टरने लिहिलं होतं, "शेपूट फार आखूड, बाकी ओके." घड्याळजींनी लिहिलं होतं की मागचा डावा पाय किंचित सैल आहे, आणि तो घट्ट करून पाठवला होता. या दोघांना मी त्याच दिवशी उत्तरं लिहिली. राहिली बाईंची.

का काढला? काढून झाल्यावर का ते शोधणं कठीण असतं. मी पहिला मसुदा केला तो माफीचा होता. दुसऱ्यात मी गाढवाच्या शरीररचनेबद्दल लिहिलं. तिसरा समतोल या विषयावर पाच पानं गेला आणि त्याच्या शेवटी मला स्वतःलाच कळेना की मी समतोलाच्या बाजूने आहे की विरुद्ध. दरम्यान पेटी पलंगाखाली होती. तिच्यात कंडक्टरचा पाणघोडा, घड्याळजींचं माकड आणि बाईंची मगर. म्हणजे तीन अनोळखी माणसांची जनावरं मी ओलीस ठेवली होती, आणि खंडणीही मागत नव्हतो.

गाढव पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं. तिथे एक नवीनच कटकट सुरू झाली. रोज सकाळी मी पेपर घेऊन खोलीत यायचो तेव्हा त्याचा डावा कान वर आलेला असायचा. बिजागरी सैल झाली असणार. मी तो सरळ करायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. मी बिजागरी बदलली. तरी वर.

"पत्राचं काय झालं?" बायको अधूनमधून विचारायची.

"लिहितोय."

"मी आयुष्यभर सगळ्या गावाची पत्रं पुढे ढकलली," ती म्हणायची, "आणि माझ्याच पलंगाखाली एक पार्सल अडकलंय. लोकांना कळलं तर पेन्शन बंद करतील माझी."

असं चाललं होतं, आणि तसंच चाललं असतं, पण एका दुपारी बेल वाजली. मी नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत गेलो. दार बायकोने उघडलं.

"इथे गाढववाले राहतात का?" बाहेरून आवाज आला. तो आवाज भरलेल्या बसच्या मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत जाण्यासाठी घडवलेला होता. समोरच्या घराची खिडकी उघडली. दूधवाला जिन्यात होता.

"राहतात," बायको म्हणाली. "आत लपलेत. तुम्ही कोण?"

"मी पाणघोडा, वहिनी."

"या, पाणघोडे. चहा घेणार ना?"

कंडक्टर आत आले. उंच, रुंद, आणि खुर्चीवर असे बसले की शेजारच्याला जागा राहील, जरी शेजारी कुणी नव्हतं. मला बाहेर यावं लागलं.

"तुम्ही होय!" ते म्हणाले. "मला वाटलं, दगावलात की काय."

"नाही."

"मग पेटी कुठाय राव? एवढे महिने गाडी डेपोत उभी. आम्हाला वाटलं टपालात हरवली. घड्याळजी तर दुसरी करायला घेणार होता."

"इथेच आहे," मी म्हणालो. "बाईंचं उत्तर राहिलंय. मी लिहितोय."

"अजून?"

"शुद्धलेखन तपासतायत," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

कंडक्टर हसले नाहीत. त्यांनी रुमालाने मान पुसली. "हे बघा, मी भांडायला नाही आलो. बहिणीकडे आलो होतो, ती इथून दोन थांब्यांवर राहते. म्हटलं बघून जावं. कारण तिकडे काम बिघडलंय."

"काय झालं?"

"पेटी थांबली म्हणून आम्ही एकमेकांना फोनवर फोटो पाठवायला लागलो. मी अस्वल केलं, बाईंना पाठवलं. बाईंचं उत्तर काय आलं असेल? 'छान.' एवढंच. मी म्हटलं घाईत असतील. मग घड्याळजीने घोडा पाठवला. 'छान.' आम्हाला शंका आली. तर घड्याळजीने मुद्दाम त्याच घोड्याचं डोकं काढून शेपटीच्या जागी लावलं आणि फोटो पाठवला. बाई काय म्हणाल्या?"

"छान?" बायकोने विचारलं. ती चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

"'फारच छान.'"

मला मिक्सरचं गॅरंटीकार्ड आठवलं.

"शेवटी मी फोन लावला बाईंना," कंडक्टर म्हणाले. "म्हटलं, असं काय करता, तुमच्यामुळे माझ्या पाणघोड्याला पोट आलं. आधी तो नुसता पेटीसारखा होता. तुम्ही सांगितलंत, एक ठोकळा लावलात, तेव्हा कुठे तो जेवल्यासारखा दिसायला लागला. तर म्हणाल्या, नको आता. त्या गाढववाल्यांना माझं बोलणं लागलं असणार. उत्तरच नाही त्यांचं. म्हणाल्या, आयुष्यभर लोक माझ्यापुढे तोंड उघडून बसले, उलट बोलायची कुणाची सोय नव्हती, त्यामुळे आपण किती बोलतो ते मला कधी कळलंच नाही. महिनाअखेर मंडळ सोडतायत त्या. ठोकळे कुणाला तरी देऊन टाकणार आहेत."

मी कप खाली ठेवला.

"तुम्हाला राग आला होता का?" कंडक्टरने विचारलं.

"नाही हो."

"थोडासुद्धा?"

"नाही. पत्र चांगलं होतं."

"मग कळवायचं ना तसं!"

मी बिस्किटांची बशी पुढे केली. त्यांनी दोन घेतली.

"आता एक सांगतो," ते म्हणाले. "त्यांना नुसतं 'छान होतं पत्र' असं कळवू नका. त्यांना खोटं वाटेल. आणि माफीबिफी तर अजिबात मागू नका. माफी मागितलीत की त्यांना खात्रीच पटेल, खरंच लागलं होतं म्हणून. मग काय लिहायचं ते तुम्ही बघा. तुम्ही शिकलेले."

"पेटी तुम्हीच घेऊन जा ना," मी म्हणालो. मला तेवढ्यात तो मार्ग सुचला होता.

"मी? माझा थांबा बाईंच्या पुढचा. आणि उत्तराशिवाय पेटी हलत नाही." ते उठले. "बिनतिकीट कुणाला नेलं नाही मी आजवर."

जाताना ते कपाटापाशी थांबले, गाढवाकडे वाकून बघितलं. "हेच का ते? गुडघे भारी आहेत हां. शेपूट अजून आखूडच." मग दारातून बाहेर पडताना आत वळून म्हणाले, "राव, त्या बाई गेल्या तर उरलो आपण तिघे. एकमेकांना 'वा वा' करत बसायचं. 'वा' मला घरीही मिळतं."

ते गेल्यावर मी टेबलाशी बसलो. माझ्या हातून इतकं मोठं काही बिघडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी इतका महत्त्वाचा माणूस नाही. पण मी काहीच केलं नाही, आणि तेवढ्याने चार गावांपलीकडे एका बाईंनी खरं बोलणं बंद केलं होतं. मी नवा मसुदा लिहिला. छोटा. संध्याकाळी बायकोला वाचून दाखवला, कारण टपालाच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा असतो.

"'आपला ठोकळा काढण्याचं कारण पूर्णपणे तांत्रिक आहे,'" मी वाचलं. "'कानाची बिजागरी सदोष असून कान आपोआप वर येतो. त्यामुळे वेगळ्या ठोकळ्याची आवश्यकता...'"

"खोटं आहे," बायको म्हणाली. ती इस्त्रीचे कपडे घडी करत होती.

"खोटं कसं? रोज सकाळी वर आलेला असतो."

"आपोआप येत नाही. मी करते."

मी कागद खाली घेतला. "तू?"

"मी नाही तर कोण? रोज. कपाट पुसताना."

"कधीपासून?"

"तुम्ही बाईंचा ठोकळा काढलात तेव्हापासून. मी बघितला होता ना पेटी उघडली तेव्हा. बरा दिसत होता." तिने शर्टाची कॉलर दाबली. "तुम्ही रोज खाली करता, मी रोज वर करते. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, आपलं चाललंय."

"मी बिजागरी बदलली गं."

"बघितलं मी. म्हटलं, बदलू दे."

"पण वर कशाला करायचा?"

तिने टॉवेल उचलला. मी तिला कधी कारण विचारत नसे, त्यामुळे तिला सांगायची सवय नव्हती. "खाली असला की ते नुसतं उभं असतं," ती म्हणाली. "वर असला की ऐकतं. दिवसभर बोलत असते मी या घरात. कुणीतरी ऐकतंय असं दिसलं तर बरं वाटतं."

मी काय बोलावं हे ठरवत होतो.

"हे बघा," तिने घडी घातलेल्या टॉवेलने माझ्याकडे बोट केल्यासारखं केलं. "तुमचेही दोन्ही कान सारखे."

ती कपडे घेऊन आत गेली. पांढरा ठोकळा माझ्या पेन्सिलींच्या डब्यात होता; टाकून द्यायचा धीर झाला नव्हता. मी तो काढला आणि गाढवाच्या डाव्या कानाखाली लावला. कान वर गेला. मी दिवा ओढून जवळ घेतला आणि हात मांडीवर ठेवून बसलो, म्हणजे हातांनी आपण होऊन काही केलं नसतं.

ते तसं राहिलं की वेगळं होतं हे खरं. सकाळी मी ते कधी पाहतच नव्हतो, नुसतं दुरुस्त करत होतो. आता पाहिलं. गाढवाला दुसऱ्या खोलीतून हाक ऐकू आली होती. ती आपल्यालाच होती का, याची त्याला खात्री नव्हती. जावं तर चुकून दुसऱ्याला असली म्हणजे पंचाईत, न जावं तर आपल्याला असली म्हणजे पंचाईत. बाईंनी माझ्याकडून काही ऐकलेलं नव्हतं, मला पाहिलेलं नव्हतं, आणि एका दोन बटणांच्या ठोकळ्याने हे केलं होतं. मला थोडी भीती वाटली, आणि नंतर भूक लागली.

जेवण झाल्यावर पलंगाखालून पेटी ओढली आणि मगर बाहेर काढली. बाईंच्या जनावरांबद्दल माझं एक मत पहिल्यापासून होतं, म्हणजे नाव नोंदवल्यावर मंडळाकडून आलेल्या फोटोत त्यांचं पाणमांजर पाहिलं तेव्हापासून; पण आपण नवीन, आपण कोण सांगणारे, म्हणून मी त्यांना लिहायचं टाळलं होतं. खरं म्हणजे तेही त्यांना देणं होतं. मगरीचा जबडा ताठ उघडा होता, जणू पुढचा माणूस आत डोकावणार आहे. दात काय सांगावेत! टोकदार पांढऱ्या ठोकळ्यांची वरखाली रांग, मागे अक्कलदाढासुद्धा. त्या रांगेत एकही चूक नव्हती. आणि मगर काही म्हणत नव्हती.

"हिच्याकडे बघून तुला काय वाटतं?" मी बायकोला हाक मारून विचारलं.

ती आली, वाकली. "मला वाटतं हिची पुढची तारीख कधी आहे."

मी बराच वेळ मगरीच्या तोंडात पाहिलं. तिथे दातांच्या मागे सपाट हिरवी पट्टी होती आणि काही नव्हतं. मगरीला जीभ असते की नाही याची मला शंका आली, म्हणून प्राण्यांच्या पुस्तकात पाहिलं. असते. खाली चिकटलेली असते, बाहेर काढता येत नाही, पण असते. मी माझ्या डब्यातून गुलाबी ठोकळा घेतला, चपटा, आणि चिमट्याने तिच्या तोंडात आतपर्यंत नेऊन दाबला. तो बसल्याचा बारीक आवाज आला. मगरीने बोलायला तोंड उघडलं होतं.

मला गुलाबी रंग मिळाला तेव्हा बायको फार हसली होती. आता ती शेजारी उभी राहून म्हणाली, "असेल," पण वेगळ्या आवाजात.

पत्र एका बैठकीत झालं. ते असं:

"तुमचा ठोकळा मी तुमचं पत्र वाचण्याआधीच काढला होता. माझ्या कामात दोन सारख्या गोष्टींतली एक वेगळी दिसली की ती चूक असते, आणि मी गाढवाकडे न पाहता चुकीकडे पाहिलं. पत्र वाचल्यावर तो परत लावायला हवा होता. पण तो बरोबर होता आणि मला सुचला नव्हता, आणि हे कसं लिहायचं तेही सुचायला वेळ लागला. राग आला नव्हता. ठोकळा आता जागेवर आहे आणि राहणार आहे. घरातूनही त्याला पाठिंबा आहे.

आता तुमची मगर. दात उत्तम आहेत, एकेक वेगळा मोजता येतो. पण ती मला दात दाखवते, मला काही म्हणत नाही. मला वाटतं ते जिभेमुळे. तिला जीभच नाही. तुमच्या कामात जीभ सारखी मधे येत असणार आणि तुम्ही ती बाजूला सारत आला असाल, म्हणून इथेही राहून गेली असेल. दातांच्या मागे माझा एक ठोकळा लावला आहे. आता मला ती एखादी गोष्ट सांगायला निघालेली वाटते, आणि कुणीतरी तिला 'आ करा' म्हणून थांबवलेलं. याच कारणाने मंडळाच्या फोटोतलं तुमचं पाणमांजरही मला थोडं घाबरलेलं वाटलं होतं. पटलं नाही तर ठोकळा काढा, पण का काढला ते कळवा. फार वेळ लावू नका. कंडक्टर वाट पाहत आहेत."

बायकोने ते दोनदा वाचलं. "माफी कुठाय?"

"कंडक्टर नको म्हणाले होते."

"आणि हे असं तोंडावर लिहायचं, तुमच्या मगरीला जीभ नाही म्हणून?"

"जास्त होतंय का?" मी पेन उघडलं. "मी ते थोडं सौम्य..."

"हात लावू नका," ती म्हणाली. "पाकीट आणा."

मला नवीन जनावर करायला वेळ नव्हता, म्हणून गाढवच पुन्हा पाठवायचं ठरलं. पेटी भरताना कळलं की झाकण लागत नाही. कान वर असल्यामुळे गाढव आता त्याच्या कप्प्यात मावत नव्हतं. पूर्वी मी कान खाली केला असता. मी ब्लेड घेतलं आणि घड्याळजींच्या स्पंजाला कानाच्या आकाराची खाच पाडली. आता हा कप्पा दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा राहिला नाही. घड्याळजींना तसं वेगळं कळवावं लागेल.

सुतळी बायकोने बांधली. "पार्सल आपल्या गतीने जाईल," ती म्हणाली, "पत्र साधं टाका, ते आधी पोचेल. नाहीतर बाई पेटी उघडून मगर बघतील आणि दचकतील."

पोस्टात काउंटरवर एक तरुण बाई होत्या. माझी बायको मागे उभी राहून त्यांच्या हाताकडे पाहत होती. त्यांनी वजन केलं आणि विचारलं, "आत काय आहे?"

"गाढव, मगर, पाणघोडा आणि माकड," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं.

"खेळणी," बायको म्हणाली. "शिक्का गाठीवर मारू नका, शेजारी मारा."

त्यांनी शेजारी मारला.

टपालपेटी बाहेर भिंतीला होती. मी पत्र फटीत घातलं, मनगटापर्यंत हात आत गेला, आणि तिथे थांबलो. पाणमांजराबद्दलचं वाक्य नको होतं असं मला एकदम वाटलं. ते मगरीच्या मुद्द्याला धरून नव्हतं. शिवाय फोटोवरून मत देणं मंडळाच्या नियमात बसतं की नाही हे मी तपासलं नव्हतं.

"सोडा," बायको म्हणाली.

"एक वाक्य फक्त बघतो."

"अहो, सोडा. मागे रांग लागलीय."

मी मागे पाहिलं. रांग म्हणजे एक बाई होत्या, हातात निळं पाकीट, आणि त्या सभ्यपणे दुसरीकडे बघत होत्या. मी हात मोकळा केला. पत्र आत कशावर तरी पडलं. बायकोने पेटीवर एक थाप मारली, काउंटरवर शिक्का मारून झाला की मारायची तशी, आणि म्हणाली, "झालं. चला, पुढचे."

त्या बाई पुढे झाल्या.